अकराव्या फळीपाशी

तीन माणसं, दोन इस्त्र्या,
टर्पेंटाइनचे डबे अशोक चौकातून उधारीवर,
आणि सोलापूरचा मे महिना, तो फुकट.

क्लबाचा जुना हॉल. सागवानी फळ्या, मोजल्या तर बेचाळीस.
इथं आता बॅडमिंटन होणार.
पोरं घसरतात, साहेब म्हणाले,
एकाचा गुडघा गेला, मेण काढून टाका सगळं.
चौरस फुटाला सोळा रुपये. चहा आमचा आम्ही.

सिद्रामनं पहिल्याच दिवशी लोखंडी पत्रा काढला.
मी त्याचं मनगट धरलं,
का बे, शहाबादी फरशी आहे का ही?
लाकडाला रेघ असते. रेघेनं जायचं.
आडवा हात मारलास तर जन्मभर दिसेल.
पाण्याचा थेंब नको. पत्राही नको,
जुनं एटीएम कार्ड घे, त्याच्यात पैसे नाहीत ना, मग बरंय.

पहिल्या दिवशी माझीपण चूक झाली,
मेणावर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली.
मेण कागदात गेलं
आणि फळीवर उलटी बातमी उमटली:
पाणी पाच दिवसांआड.
ती पुसायला अर्धा तास. तेव्हापासून कोरा कागद.

दुपारी दोनला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतं,
तेव्हा इस्त्री बंद.
मेण आपणहून सैल पडतं,
फाटक्या चादरीचा बोळा टेकवायचा, बस.
वरचं पिवळं, त्याखालचं तपकिरी, तळाचं काळं.
त्यात चमकी, टाचांचे चंद्र, एक टिकली,
कोणाच्या तरी लग्नातला चिकटलेला तांदूळ.

माझा बाप मिलमध्ये सुताला खळ लावायचा.
चादर विणून झाली की खळ धुवून काढायची,
ती दुसरी माणसं.
चढवणाऱ्याचा पगार वेगळा, काढणाऱ्याचा वेगळा.
त्यांची कधी गाठ पडत नसे.

इथं पडली.
एलिया गायकवाड, वय अठ्ठ्याहत्तर,
रोज चारला दाराशी येऊन विचारायचा,
कुठवर आलात?
चौथी फळी, काका. सातवी.
एकतीस वर्षं मेण त्यानंच चढवलं.
शनिवारी दुपारी दोन्ही पायांना चिंध्या बांधून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
घासत जायचं, एकट्यानं.
रात्री साहेब लोक नाचायचे, तो म्हणाला,
माझा नाच दुपारीच होऊन गेलेला असायचा.

एवढं बोलून तो फळ्या मोजायचा.
मला वाटलं, म्हाताऱ्याला जुनं आठवत असेल.

अकराव्या फळीवर मेण जाड होतं, बोटभर.
तीनदा कागद बदलला.
खाली निघाला काळा गोल,
शेगडीच्या बुडाएवढा, कडा जळून आत गेलेल्या.
सिद्राम म्हणाला, गाठ असेल लाकडाची.
गाठ नाही, मागून आवाज आला.

नोकरीचं दुसरं वर्ष.
मेण वितळवायला शेगडी पेटवलेली,
विटेवर ठेवायची ती विसरून इथं टेकवली.
कोणाला कळलं नाही.
दर शनिवारी या जागी
थोडं जास्त घालत गेलो.

इस्त्रीचा लाल दिवा तेवढा चालू होता.

तो पोरगा, त्यानं विचारलं, कुठं पडला?
मला माहीत होतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी जागा दाखवलेली.
मी बोळा पिळत राहिलो.
सिद्रामला काय ठाऊक, तो बोलून गेला,
इथंच की, काका.
येमूलांचा पोरगा. आता बराय, पट्टा बांधून चालतो.

डाग रंध्याशिवाय जायचा नाही, मी म्हटलं,
आमचं काम मेणापुरतं.
एलियानं मान हलवली.
मग वाकून, कमरेला एक हात लावून,
चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या
आणि त्या काळ्या गोलावर अनवाणी उभा राहिला.
टाच दाबून फिरवून पाहिली.
एकदा डावीकडं. एकदा उजवीकडं.

घसरत नाही, म्हणाला.

सिद्राम चहा सांगायला गेला. चार.
मी बारावीवर कागद अंथरला.